यादीत नसलेलं फळ

माघ शुद्ध ६, शके १८०८. बुऱ्हाणपूर.

साहेबांनी सरकारी वही दिली. दोनशे पानं, कडेला लाल रेघ. कामाला पन्नास पुरतील. उरलेल्या पानांवर स्वतःचं लिहिणं हा सरकारी मालाचा अपहार होतो की नाही, हे कोणाला विचारावं कळत नाही. म्हणून वही उलटी धरून मागून सुरुवात केली आहे. पुढून सरकारचं, मागून माझं. मध्ये गाठ पडायची नाही असं बघेन.

झालं ते असं. बारा वर्षं मी जंगलनाक्यावर मुनशी होतो. ते सुटूनही आठ वर्षं झाली. काल अचानक बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन-जंगलाची वहिवाट ठरवणाऱ्या कचेरीतून शिपाई आला. मला वाटलं जुनं काही निघालं. तसाच उठून गेलो. हेड कारकून चुडामणराव यांनीच माझं नाव सुचवलं होतं. साहेबांनी विचारलं, "कोरकू बोली आती है?" मी म्हणालो, "जी हुजूर."

का म्हणालो? मला वीसेक शब्द येतात. थांब, कुऱ्हाड खाली ठेव, मोळी सोड, तंबाखू आहे का. सगळे माणसाला अडवायचेच.

काम असं की डोंगरातल्या चिमणढान्याला जायचं आणि तिथले कोरकू जंगलातली कोणती फळं खातात, कोणती जनावरं ओळखतात, त्यांची यादी करायची. आधी त्यांच्या भाषेतलं नाव, शेजारी आपलं. जे फळ यादीत येईल ते त्यांनी पूर्वीसारखं तोडावं. जे येणार नाही ते सरकारचं. वैशाखात साहेब यादी वाचून दाखवतील, सही करतील, मग ती बदलायची नाही. साहेबांनी दोनदा बजावलं की कोरकू लोक स्वतःच्या तोंडाने सांगतील तेवढंच लिहायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही.

घरी सांगितलं तर ही हसायलाच लागली. "तुम्हाले कोरकू येते? मराठीत मी हाक मारते ती तरी ऐकू येते का?"

माघ शुद्ध ९.

उद्या निघायचं. हिने ज्वारीच्या भाकरी, लसणीची चटणी आणि दातांसाठी अंगणातल्या निंबाच्या काड्या बांधून दिल्या. म्हणाली, "त्या झाडाच्या काड्या खालच्या फडक्यात आहेत." माझं नाव निंबाजी, त्यामुळे निंब हा शब्द हिच्या तोंडून चाळीस वर्षांत निघालेला नाही. त्या झाडाची सावली, त्या झाडाचा पाला.

कोरकूत एखाद्याने काही उलट विचारलं तर मी काय करणार?

माघ शुद्ध १३. चिमणढाना.

जसोंडी गाव मागे पडलं की पुढे हळूहळू रस्ता नावाचं काही राहत नाही. दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी झाली. ढाना म्हणजे समोरासमोर तीस झोपड्या, मधे सारवलेला रस्ता. आमच्या गल्लीपेक्षा स्वच्छ.

इथला पटेल लोटू. वयाने माझ्याएवढा असेल, पण दात सगळे शाबूत. मोडकी निमाडी आणि थोडी मराठी बोलतो, म्हणून जीवात जीव आला. मला बघून म्हणाला, "तू तो नाक्यावरचा ना? माझी कुऱ्हाड घेतली होती तू."

"परत दिली होती," मी म्हणालो.

"हाव, दिली होती. धार ठेवून घेतली होती."

सगळा ढाना हसला. मीही हसलो. त्याने खाट टाकून दिली.

संध्याकाळपर्यंत जनावरं झाली. वाघाला कुला म्हणतात. हे सांगताना लोटूचा आवाज खाली गेला आणि त्याने आधी झाडीकडे पाहिलं. जंगलात असताना हा शब्द काढायचा नाही, तिथे नुसतं 'तो' म्हणायचं. अस्वल बाना. साप बिंज. मासा काकू. मला हसू आलं. मी सांगितलं, आमच्यात चुलत्याच्या बायकोला काकू म्हणतात.

लोटू म्हणाला, "मग तिला नदीवर नको नेऊ मुनशी. आमची पोरं गळ टाकून बसतात."

फळांनाही बायका दारातूनच ओरडून नावं सांगत होत्या. बोर, आवळा, कवठ, बेल. लोटूची सून सरुबाई सगळ्यांत हुशार. मी शब्द परत म्हणून दाखवला की ती डोकं हलवायची आणि पुन्हा म्हणायला लावायची. शेवटी सासूला म्हणाली, "मुनशीची जीभ सागाची आहे. वाकत नाही."

बरं चाललं आहे. उगीच घाबरलो.

माघ वद्य १. चिमणढाना.

आज काहीतरी बिघडलं. काय ते कळत नाही.

लोटू, त्याची बायको, सरुबाई आणि आणखी चौघं मला जंगल दाखवायला निघाली. पहिलंच झाड चारोळीचं. मोहराने पांढरं झालेलं, माश्या घोंघावत होत्या. मी विचारलं, "याचं नाव?"

लोटूने पागोटं सोडून पुन्हा बांधलं. म्हणाला, "झाड आहे."

"झाड आहे ते दिसतं. नाव काय?"

"ऊन वाढलं मुनशी. चल पुढे."

"याचं फळ खाता ना तुम्ही?"

कोणी बोलेना. सरुबाईचं तोंड उघडलं तर सासूने तिच्या तोंडावर हात ठेवला. बाकीच्या बायकांनी पदर ओठांशी नेले. थट्टा करणारी माणसं सगळी, एकदम मुकी झाली. पुढे मोहाच्या झाडापाशी तेच. टेंभुर्णीपाशी तेच. मी तीन-तीनदा विचारलं. शेवटी थोडं रागावूनही विचारलं. लोटू म्हणाला, "आत्ता नको विचारू."

फळांवर सरकारी पट्टी बसेल म्हणून लपवत असतील का? का माझा जुना राग आहे? नाक्यावर असताना चारोळीच्या फळांच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बाया मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. पण साहेबांचा हुकूम आहे, तोंडून येईल तेच. तिन्ही नावांपुढे पेन्सिलने 'खात नाहीत' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. रकाना मोकळा ठेवला असता तर साहेब म्हणाले असते, काम अर्धवट.

माघ वद्य ७. बुऱ्हाणपूर.

चुडामणरावांना यादी दाखवली. फार मन लावून पाहिली. बोट चारोळीवर थांबलं.

"हे प्रश्नचिन्ह कशाला, मुनशीजी?"

मी सगळं सांगितलं. टोपल्यांचंही सांगितलं.

"ते तुम्ही पाहिलेलं झालं. त्यांच्या तोंडून आलं का?"

"नाही."

"मग शंका कसली? साहेब म्हणतील, भाषेच्या जाणकारालाच खात्री नाही. तुमचंच नाव खाली जाईल."

खरं आहे. त्यांनी स्वतःच्या हाताने ती तिन्ही चिन्हं खोडली, मला तसदी पडू दिली नाही. पक्की नक्कलही तेच करणार आहेत.

फाल्गुन शुद्ध ५.

यादीखाली माझी सही झाली. 'निंबाजी दौलत, कोरकू भाषेचे जाणकार.' चुडामणरावांनीच ही अक्षरं घातली. वाचून लाज वाटली आणि बरंही वाटलं. शनवारा दरवाज्यापाशी बसणारी मंडळी आता मला पुन्हा मुनशीजी म्हणतात.

सहीनंतर चुडामणरावांचे मेहुणे मोतीलाल शेठ यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. माझ्यासारख्याला काय म्हणून? बासुंदीवर चारोळी इतकी की खालची बासुंदी दिसेना. शेठ किराण्याचे मोठे व्यापारी, पण बोलणं किती नम्र. चिमणढान्याच्या बाजूला चारोळीची झाडं साधारण किती असतील, कोणत्या नाल्याला दाट आहेत, हे सगळं विचारत होते. जंगलाची आवड आहे त्यांना.

रात्री पोट दुखलं. बासुंदी पचत नाही आता.

चैत्र शुद्ध ४, शके १८०९.

त्या डोंगरातल्या चारोळीचा ठेका मोतीलाल शेठना मिळाल्याचं कानावर आलं. यादीप्रमाणे लोकांना ती नकोच आहे, तेव्हा कोणाचं काही गेलं नाही. साहेबांची सही अजून व्हायची आहे, पण चुडामणरावांनी यादीची एक नक्कल आधीच नाक्यावर पाठवून दिली. कामाला फार तत्पर माणूस.

ही म्हणाली, "मेहुण्याले ठेका मिळाला का? वा."

या 'वा'त काय होतं ते मी विचारलं नाही.

चैत्र वद्य ८.

सगळं लिहून ठेवतो.

दुपारी दारात लोटू पटेल. दोन दिवस चालत आला. पायाच्या भेगांतून रक्त येत होतं. मी विचारलं, काय झालं. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "सरूला नाक्यावर बसवून ठेवली दोन दिवस. तारो तोडली म्हणून."

"तारो काय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडा. "तारो. काळं फळ. आत दाणा. तुम्ही दुधात घालता तो."

चारोळी! मी ओरडलोच. "अरे, मग तेव्हा का नाही बोललास? तीनदा विचारलं मी. खाता का म्हणून विचारलं. गप्प बसलास!"

"तेव्हा मोहर होता मुनशी."

"मग?"

"फळ देवाला दाखवल्याबिगर तोंडात घालत नाही. आमच्या ढान्यात नावही तोंडात घालत नाही. बोर-आवळ्यांची पूजा झाली होती, म्हणून ती बोललो. तारोचं माघात नाव घेतलं तर झाड मोहर टाकतो. आता पूजा झाली. आता शंभर वेळा घे. तारो, तारो, तारो." मग तो हळू म्हणाला, "तू बारा वर्ष नाक्यावर होता. मला वाटलं तुला ठाऊक आहे. म्हणून तर बोललो, आत्ता नको विचारू."

शिपायाने सरुबाईची टोपली ओतून घेतली, ती शेठच्या गाडीत गेली. कागद दाखवला म्हणे, तुमचा पटेलच बोलला, तुम्ही हे खात नाही. लोटू म्हणाला, "मी कधी बोललो?" त्याच्या आवाजात राग असता तर मला सोसवला असता. तो खरोखरच आठवून बघत होता. चैत्र-वैशाखात ढान्यात दाणा उरलेला नसतो. तेव्हा मोह, टेंभरं आणि तारो हेच जेवण. "आता सही झाली तर आम्ही काय खावं, एवढं साहेबाला विचारून दे," म्हणाला.

मी म्हणालो, "अशी कुठे रीत असते का? नाव घेतलं तर मोहर गळतो?"

आतून ही भाकरी घेऊन आली. लोटूपुढे ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सहा वर्सांपूर्वी खानेसुमारीचा, घरोघर माणसं मोजणारा माणूस आला होता. तुम्ही नाशिकले गेलेले. दारात उभा राहून विचारे, नवऱ्याचं नाव काय? मी गप्प. पुन्हा विचारे. मी त्या झाडाकडे बोट दाखवलं. त्याले कळेना. मग विचारलं, आहे का नाही नवरा? मी लाजून आत गेले. माहीत आहे काय लिहिलं त्यानं?"

"काय?"

"विधवा. शेजारच्या सरस्वतीकाकूनं त्याच्या कागदावर वाचलं. मी तुम्हाले सांगितलं नाही, उगीच जीव खाल म्हणून." आणि पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. लोटूही हसला. भाकरी हातात, पायातून रक्त, आणि हसतो आहे.

मला हसू आलं नाही. सहा वर्षं मी सरकारदरबारी मेलेला आहे, आणि आता मीच तीस घरांच्या तोंडचं काढून खाली सही केली आहे.

चैत्र वद्य ९.

चुडामणरावांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मला पाट दिला.

"मुनशीजी, तुमच्या भल्याचं सांगतो. आता तुम्ही म्हणणार यादी चुकली. साहेब विचारणार, तुम्ही जाणकार, मग ही रीत तुम्हाला ठाऊक कशी नाही? तुम्हाला भाषा येते का? मग काय सांगाल?"

मी पाटाची कड चाचपत राहिलो.

"सही तुमची आहे. खोटा दस्तऐवज म्हणजे काय होतं ठाऊक आहे? खंडव्याला तुरुंग आहे. या वयात."

मला आजवर कोणी इतक्या काळजीने सांगितलं नसेल. घरी येऊन पडून राहिलो.

लोटू सकाळीच गेला होता. हिने त्याला माझे जुने जोडे दिले.

चैत्र वद्य १२.

जेवण जात नाही. जरा कोणी दार वाजवलं की शिपाई वाटतो. खंडव्याच्या तुरुंगात म्हाताऱ्यांना चक्की देतात की दुसरं काही, याची चौकशी करावीशी वाटते, पण करायची कोणाकडे?

यादीत एक ओळ घालायची, तीन नावं. काय मोठं आहे? साहेब दयाळू दिसतात. नाही, साहेबांचे डोळे निळे आहेत, त्यावरून काहीच कळत नाही.

ही म्हणाली, "लोक काय खातील, ठरलं का?"

मी म्हणालो, "विचार करतो आहे."

"हाव. करा. त्यांचे दोन घास आजचेही गेले."

वैशाख शुद्ध ३. आखाजी.

दिवसभर गल्लीत पोरींचे झोके चालले होते. पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाला होता. अर्ध्या पानावरून उठलो आणि अर्ज लिहायला बसलो. तीन कागद फाडले. माझं अक्षर पहिल्यापासून तिरकं, आणि 'कृपावंत' शब्दापाशीच अडलो. चौथ्या वेळी सरळ लिहिलं: 'चारोळी, मोह व टेंभरं ही फळं चिमणढान्याचे लोक खातात. पूजेआधी नाव घेत नाहीत म्हणून बोलले नाहीत. चूक माझी. यादी दुरुस्त व्हावी.' भाषा येत नाही हे मात्र लिहिलं नाही. ते लिहायला हात चालला नाही.

कचेरीकडे निघालो तर वाटेत चुडामणराव भेटले. अर्ज वाचला. मी म्हणालो, काय व्हायचं ते होवो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं मन मोठं आहे. द्या इकडे. साहेबांची मर्जी पाहून मीच ठेवतो पुढ्यात. तुम्ही कशाला उन्हात जाता?"

केवढं ओझं उतरलं. येताना रसासाठी आणखी दोन आंबे घेतले.

वैशाख शुद्ध ८.

अजून उत्तर नाही.

हिने आज विचारलं, "कोणाच्या हाती दिला होता?" सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही फार साधे आहात वो."

तिने कौतुक केलं, पण तोंड तसं नव्हतं.

परवा साहेबांचा तळ डोंगराच्या पायथ्याशी पडणार. वाचन, सही आणि मग लगेच लालबागच्या स्टेशनवरून साहेब गाडीने जाणार. मला हजर राहण्याचा हुकूम आहे, सही माझी म्हणून. अर्ज पोचला असेल तर तीन नावं घातली असतीलच.

वैशाख शुद्ध १२. साहेबांचा तळ.

क्रमाने लिहितो.

तंबूसमोर वडाखाली टेबल. साहेब, बाजूला चुडामणराव कागद घेऊन उभे. समोर जमिनीवर सगळा ढाना. लोटूच्या पायात माझे जोडे होते. सरुबाई शेवटच्या रांगेत सासूशेजारी. तोंड उतरलं होतं तिचं, पण बसली होती ताठ.

चुडामणरावांनी वाचायला सुरुवात केली. कचेरीची हिंदुस्थानी, भरभर. मलाच अर्धी कळत होती, त्या लोकांना काय कळणार? बोर आलं. आवळा आला. कवठ, बेल आले. मी मनात म्हणत होतो, आता. आता येईल. मग ते म्हणाले, "बस. बाकी सब सरकारी." आणि कागद साहेबांपुढे ठेवला. त्यावरचं चुडामणरावांचं बारीक अक्षर ओळखीचं होतं. चारोळीपुढे 'खात नाहीत' तसंच होतं.

साहेबांनी टाक बुडवला. पद्धतीप्रमाणे विचारलं, "किसी को कुछ कहना है?"

ढाना गप्प. त्यांना कुठे ठाऊक की आत्ताच बोलायचं असतं. लोटू माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या पायांकडे बघत होतो. चुडामणराव म्हणाले, "नहीं हुजूर, सब राजी हैं."

मी उठलो तेव्हा मला वाटलं मी पाणी प्यायला उठतो आहे. खरंच तसं वाटलं. पण तोंडातून आलं, "हुजूर, लिस्ट झूठी है."

साहेबांचा टाक थांबला. "तुमने बनाई है."

"जी. मैंने बनाई है."

तीन फळांचं सांगितलं. पूजेचं सांगितलं. मधे मधे मराठी येत होतं. साहेब म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं? मी म्हणालो, अर्ज दिला होता, आखाजीच्या दिवशी, चुडामणरावांच्या हाती. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. चुडामणराव म्हणाले, दप्तरात असेल हुजूर, राहून गेला असेल, शोधतो. बिचाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं आणि मी त्यांना भर सभेत अडचणीत आणलं. पण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.

मग साहेबांनी तेच विचारलं, ज्याची तीन महिने भीती होती. "तुम तो जबान जानते हो. फिर यह बात क्यों नहीं जानी?"

मी म्हणालो, "हुजूर, मैं जबान नहीं जानता. मुझे सिर्फ आदमी रोकना आता है."

कोणी हसलं नाही. नाक्यावरचा शिपाई तेवढा खाली बघू लागला.

साहेबांनी लोटूला पुढे बोलावलं. मी तळाशेजारच्या चारोळीच्या झाडाकडे बोट केलं आणि माघात विचारलं होतं तेच विचारलं, याचं नाव? लोटूने तोंड उघडायच्या आत मागून सरुबाईच म्हणाली, "तारो!" मग सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. कोणती तारो गोड, कोणत्या नाल्याची आंबट, दाणा कसा फोडायचा, वाळवून किती दिवस पुरते. साहेबांना एक अक्षर कळलं नसेल. तरी ते बराच वेळ ऐकत बसले. टाकाची शाई वाळून गेली.

शेवटी त्यांनी यादीवर आडवी रेघ मारली. म्हणाले, जाणकार जाणकार नाही, तेव्हा सगळी यादीच रद्द. बोरं, आवळे, सगळंच. पुन्हा नवीन होईल, आणि करणारा माणूस ढान्यात पूर्ण एक वर्ष राहील, प्रत्येक झाडाला फळ येईपर्यंत. तोवर जे चालत होतं ते चालेल. मला म्हणाले, "तुम घर जाओ." चुडामणरावांना तंबूत थांबायला सांगितलं.

तुरुंगाचं काही बोलले नाहीत. विसरले असतील. आठवलं की बोलावतील.

तीन नावं घालायला गेलो आणि लोकांची बोरं-आवळ्यांची चार नावंही कापून आलो. सगळं बिघडवलं मी. लोटूला तसं म्हणालो, तर त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. इतकी जोरात की अजून दुखते. का मारली ते कळलं नाही.

वैशाख शुद्ध १३. वाटेत, नाक्यावर.

गाडी मिळाली नाही म्हणून पायीच निघालो. नाका लागला. माझाच जुना नाका, खोपटं नवीन. आडवा दांडा खाली. दांड्यापलीकडे जंगलाच्या बाजूला सरुबाई आणि सात-आठ बाया, डोक्यावर टोपल्या. टोपल्यांत काळी फळं.

शिपाई त्यांना म्हणत होता, "ओता इथं."

मला बघून जरा वरमला, पण दांडा सोडला नाही. "मुनशीजी, काल साहेब काय बोलले ते मी ऐकलं. पण मला लेखी आलं नाही. कचेरीतून येईल तेव्हा सोडीन."

सरुबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. टोपली डोक्यावरून उतरवायला तिने हात वर नेले.

काल घरी जा म्हणून हुकूम झालेला. आता मी मुनशी नाही, जाणकार नाही, कोणीच नाही. पुन्हा मधे पडलो आणि हे वर कळलं तर काय, हेही मनात आलं. मी म्हणालो, "अडवायचं लेखी आलं आहे का तुला?"

"हो, हे काय. यादीची नक्कल."

"दाखव."

त्याने खोपटातून आणून दाखवली. चुडामणरावांचं सुबक अक्षर. खाली माझं नाव. शेजारी साहेबांची जागा मोकळी.

"साहेबांची सही कुठे आहे?" मी विचारलं.

"ती व्हायची होती ना काल."

"झाली का?"

त्याने सहीच्या मोकळ्या जागेवर अंगठा ठेवला.

"बारा वर्षं मी या दांड्याला बसलो आहे. बिनसहीच्या कागदावर दांडा कधी पाडला नाही. सहीचा कागद दाखव. नाही तर दांडा वर कर."

आवाज माझाच होता, पण खूप दिवसांनी ऐकला. शिपायाने कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. मागे काही नव्हतं. मग तो उठला, दोरी सोडली आणि दांडा वर गेला.

आधी सरुबाई गेली, मग बाकीच्या. जाताना शेवटची म्हातारी थांबली, टोपलीतली मूठभर फळं तिने शिपायाच्या हातावर ठेवली आणि विचारलं, "याचं नाव काय?"

शिपायाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. म्हणाला, "तारो."

"हाव," ती म्हणाली आणि चालू लागली.